'हिज' म्हणजे कुणाचा?

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारी नोकरीत लागून मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. बी. ए. ला मराठी घेतलेली, टायपिंगच्या जोरावर लिपिक झालेली मुलगी मी. इंग्रजीत मसुदा करायचा म्हटले की पोटात गोळा यायचा. नोव्हेंबर तोंडावर आला होता. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. त्याची सूचना इंग्रजीत काढायचे काम माझ्याकडे आले. प्रत्येक फॅमिली पेन्शनरने आपला लाइफ सर्टिफिकेट अमुक तारखेच्या आत सादर करावा, एवढेच सांगायचे होते. 'आपला' या ठिकाणी मी 'देअर' लिहिले.

फाइल परत आली ती लाल शाईने. 'देअर'भोवती गोल आणि वर 'हिज'. साहेब जुन्या वळणाचे, इंग्रजी पक्के. म्हणाले, "अहो बाई, 'एव्हरी' म्हटले की एकवचन. रेन अँड मार्टिन वाचला नव्हता का शाळेत?" मी मान खाली घालून 'हिज' टाइप केले. सूचना फळ्यावर लागली.

पुढच्या आठवड्यात एक आजी खिडकीपाशी आल्या. नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत घडी करून ठेवलेला कागद : यजमानांच्या मृत्यूचा दाखला. शाळेत जाणाऱ्या नातवाने फळ्यावरची सूचना वाचून तिचा अर्थ सांगितला होता, की 'त्याचा' हयातीचा दाखला पाहिजे. आजी काकुळतीने म्हणाल्या, "बाय गे, तांचो दाखलो हांव खंयसून हाडूं? ते गेल्याक आतां सात वर्सां जालीं."

फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि त्यातल्या बहुतेक विधवा. ते माहीत असूनही आम्ही त्यांना 'हिज' लिहिले होते. दाखला तुमचाच हवा, आजी, असे समजावून मी त्यांना बसवले, अर्ज भरून दिला. पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. एकाच माणसाबद्दल बोलताना आजी 'ते' म्हणत होत्या, 'तांचो' म्हणत होत्या. एकवचनासाठी अनेकवचनी सर्वनाम! जे लिहिल्याबद्दल माझा मसुदा लाल झाला होता, तेच त्या आदराने, सहज बोलून गेल्या होत्या.

तेव्हापासून या 'ही', 'शी' आणि 'दे' च्या भानगडीबद्दल जिथे जे मिळेल ते वाचत आले. जे सापडले ते गमतीचे आहे, आणि थोडे संताप आणणारेही आहे.

पहिली गंमत म्हणजे 'दे' हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. इंग्लंडच्या उत्तर भागात वसाहती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून तो आला. जुन्या इंग्रजीतली तो, ती आणि ते (अनेकवचन) ही सर्वनामे उच्चारात इतकी जवळ येत गेली, की कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते कळेना. मग शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसे उत्तरेकडचे 'दे' हळूहळू दक्षिणेत लंडनपर्यंत पोचले. आणि रुळल्यावर थोड्याच काळात ते एकवचनातही वापरले जाऊ लागले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने अशा वापराची जुनी नोंद दिली आहे ती १३७५ च्या सुमाराची, विल्यम आणि लांडगा-माणूस यांच्या एका पद्यकथेतली. त्याच शतकाच्या अखेरीस चॉसरने तसे लिहिले. पुढे शेक्सपिअरने लिहिले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ते आहे. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तर पदोपदी आहे. माणूस कोण ते ठाऊक नाही, किंवा 'प्रत्येक', 'कोणीही' असे म्हणायचे आहे, तिथे इंग्रज माणूस चारशे वर्षे बिनदिक्कत 'दे' म्हणत होता. कोणाचे काही अडले नव्हते.

मग हे चुकीचे कधी ठरले?

अठराव्या शतकात इंग्रजी शिकणारा मध्यमवर्ग वाढला आणि व्याकरणाच्या पुस्तकांना बाजार आला. ही पुस्तके लिहिणाऱ्यांपुढे नमुना होता लॅटिनचा. लॅटिनच्या शालेय व्याकरणांत एक जुना सिद्धांत शिकवला जाई, की लिंगांमध्ये पुल्लिंग हे अधिक योग्यतेचे, त्याखाली स्त्रीलिंग, त्याखाली नपुंसकलिंग. दोन लिंगांचे शब्द एकत्र आले तर योग्यता मोठी असेल त्याचे चालायचे. घरात कोणाचे चालायचे ते वेगळे सांगायला नकोच! आपल्या संस्कृतात तरी काय? माता आणि पिता मिळून 'पितरौ'. पाणिनीच्या एकशेषात स्त्रीवाचक शब्द गळतो, पुरुषवाचक उरतो. गोव्यातल्या जुन्या लोकांना पोर्तुगीजमधला 'पाइश' आठवेल. बाप म्हणजे 'पाय', आणि आईबाप दोघे मिळून त्याच बापाचे अनेकवचन. तेव्हा या बाबतीत एकट्या इंग्रजांना बोल लावण्यात अर्थ नाही.

इंग्रजीत हा नियम स्पष्ट मांडणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत एक बाई होत्या, ही दुसरी गंमत. न्यूकॅसलच्या अ‍ॅन फिशर. मुलींची शाळा चालवायच्या. अठराव्या शतकाच्या मध्यावर निघालेल्या त्यांच्या व्याकरणाच्या बऱ्याच आवृत्त्या खपल्या. सर्वसामान्य माणसाविषयी बोलताना पुल्लिंगी रूप वापरावे, त्यात स्त्री-पुरुष दोन्ही येतात, असे त्यांनी त्यात सांगितले. त्यानंतर १७९५ मध्ये लिंडली मरे यांचे व्याकरण आले. मरे मूळचे अमेरिकेतले वकील, पुढे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेले. त्यांच्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. 'कोणीही' या अर्थाच्या शब्दापुढे 'देअर' आणि 'दे' आलेले एक वाक्य त्यांनी चुकीचा नमुना म्हणून दिले आणि तिथे 'हिज' आणि 'ही' घालून सुधारून दाखवले. साहेबांच्या लाल पेनाचा उगम थेट तिथपर्यंत जातो. आणि हे पुस्तक मरे यांनी लिहिले होते कोणासाठी? यॉर्कच्या एका मुलींच्या शाळेसाठी! वर्गभर मुली, आणि 'प्रत्येक' म्हटले की 'त्याचे' लिहा, हा धडा.

विचार केला तर हा नियम तर्कालाही धरून नाही. 'प्रत्येक व्यक्ती'ला 'दे' म्हटले तर वचन चुकते, हे मान्य. पण 'ही' म्हटले तर लिंग चुकते, त्याचे काय? दोन चुकांपैकी एक निवडायची होती. वचनाची चूक नको, लिंगाची चालेल, असे ठरवण्यात आले. ठरवताना ज्यांचे लिंग चुकणार होते त्यांना कोणी विचारले नाही.

वचनाची एवढी काळजी असावी, तर तीही नव्हती. इंग्रजीत पूर्वी एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' म्हणत, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे. आदरापोटी एकालाही 'यू' म्हणता म्हणता 'दाऊ' नाहीसे झाले. याला कडाडून विरोध केला तो क्वेकर पंथाच्या लोकांनी. देवासमोर सगळे सारखे, मग श्रीमंताला अनेकवचन कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्या पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी १६६० मध्ये सहकाऱ्यांबरोबर एकवचन-अनेकवचनाच्या शुद्धतेवर एक पुस्तकच काढले. त्यासाठी लोकांच्या शिव्या आणि मारही खाल्ला या मंडळींनी. पण भाषा ऐकली नाही. आज एकाला 'यू' म्हणणे चूक आहे असे कुठलाही मास्तर म्हणत नाही. 'यू'ला जे माफ झाले, ते 'दे'ला मात्र माफ झाले नाही. आणि लिंडली मरे हे स्वतः क्वेकरच होते!

इथवर सगळे शाळेच्या भिंतींच्या आत होते. मग हा नियम कायद्याच्या पुस्तकात शिरला.

१८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांची भाषा आटोपशीर करण्यासाठी एक कायदा केला. पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश समजावा, हे त्यात नमूद झाले. याच कायद्याने असेही म्हटले, की एकवचनात अनेकवचन धरावे आणि अनेकवचनात एकवचन. म्हणजे ज्या वचनभेदावरून 'दे'ला बाहेर काढले, तो भेद कायद्याने स्वतःपुरता पुसूनही टाकला होता. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या आठव्या कलमाने 'ही' म्हणजे कोणतीही व्यक्ती, मग ती पुरुष असो वा स्त्री, असे सांगितले. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमात लिंग आणि वचन हे दोन्ही नियम आहेत. ते कलम आजही लागू आहे.

वरवर पाहता किती सोयीचे! 'ही' मध्ये 'शी' आलीच, मग तक्रार कसली? या आश्वासनाची परीक्षा इंग्लंडमध्ये लवकरच झाली. १८६७ च्या मतदान सुधारणा विधेयकात 'मॅन'ऐवजी 'पर्सन' घाला, अशी दुरुस्ती तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी सुचवली. बाजूने ७३ मते पडली, दुरुस्ती फेटाळली गेली. त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये लिली मॅक्सवेल या दुकानदार बाईंचे नाव चुकून मतदारयादीत आले आणि त्यांनी जाऊन मत दिले. तो धागा पकडून तिथल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदार म्हणून नावे दिली. त्यांचा मुद्दा साधा होता. कायद्यात 'मॅन' आहे, आणि १८५० च्या कायद्याप्रमाणे पुल्लिंगात स्त्री येते. मग आम्हीही आलो. १८६८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की नाही, इथे नाही. मताच्या हक्कासारखी मोठी गोष्ट स्त्रियांना द्यायची असती, तर पार्लमेंटने ती स्पष्ट शब्दांत दिली असती.

तिकडे अमेरिकेत सुसान अँथनी यांनी १८७२ च्या निवडणुकीत मत दिले म्हणून त्यांना अटक झाली. त्यांनी भाषणांतून सर्वनामांचाच हिशेब मांडला. कर वसूल करणाऱ्या कायद्यांतही 'ही' आणि 'हिज'च आहे, शिक्षा देणाऱ्या कायद्यांतही. मत देताना 'ही' म्हणजे फक्त पुरुष असेल, तर कर भरताना आणि फाशी जातानाही तो फक्त पुरुषच असू दे! न्यायालयाने शंभर डॉलर दंड ठोठावला. तो त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. १९१६ मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. १८७९ चा वकिलीचा कायदा पुल्लिंगी भाषेत होता, आणि पुल्लिंगात स्त्री येते हा नियम इथल्या कायद्यातही होताच. तरी उच्च न्यायालयाने अर्ज नाकारला. पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीतही तेच झाले. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून नाव नोंदवून मिळायला १९२१ साल उजाडले, तेही अलाहाबादेत. शेवटी १९२३ मध्ये खास कायदा करावा लागला, की निव्वळ स्त्री आहे म्हणून कोणाला वकिली नाकारता येणार नाही. चोरी केली तर 'ही' मध्ये बाई धरायची हे १८६० पासून ठरलेलेच होते. सनद मागितली तर मात्र त्यासाठी वेगळा कायदा!

दुसरी बाजूही सांगते. हा नियम नेहमीच दगा देत आला असे नाही. भारताच्या घटनेच्या इंग्रजी पाठात राष्ट्रपतीसाठी 'ही' आहे. पण २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील शपथ घ्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्या 'ही'वर कोणी बोट ठेवले नाही. गोव्यात १९७३ मध्ये भाऊंच्या निधनानंतर शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, तेव्हाही कायद्यांच्या इंग्रजीत 'ही'च होता. ज्यांना सामावून घ्यायचे मनात असते, त्यांना सर्वनाम आडवे येत नाही. ज्यांना दार लावायचे असते, त्यांना मात्र ते कडीसारखे कामी येते. दोष शब्दाइतकाच तो वापरणाऱ्या हाताचा.

मधल्या काळात नवे सर्वनाम घडवण्याचे प्रयोगही पुष्कळ झाले. चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकन वकिलाने १८८४ मध्ये 'दॅट' आणि 'वन' जोडून 'दॉन' असा शब्द लोकांपुढे ठेवला. हे गृहस्थ संगीतकारही होते. येशूला मित्र म्हणणाऱ्या ज्या इंग्रजी प्रार्थनागीताची चाल जगभरच्या ख्रिस्ती लोकांना पाठ आहे, ती त्यांचीच. चाल घरोघरी गेली, सर्वनाम गेले नाही. १९३४ च्या वेबस्टर कोशात त्याला जागा मिळाली, १९६१ च्या आवृत्तीतून ते काढले गेले. क्रियापदे-नामे भाषेत रोज नवी येतात, पण सर्वनाम ही घराची तुळई. ती सहजी बदलता येत नाही.

१९७० नंतर स्त्रीवादी चळवळीने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. अ‍ॅन बोडिन यांनी १९७५ च्या एका लेखात दाखवून दिले, की 'ही'चा नियम बोलीतून आलेलाच नाही, तो व्याकरणकारांनी आणि १८५० च्या कायद्याने वरून लादला. त्या काळात 'ही ऑर शी' आले. मग 'ही', तिरपी रेघ, 'शी' आले. आमच्या कचेरीतल्या छापील फॉर्मवर ती रेघ आजही आहे, नको ते खोडायचे. २००७ मध्ये ब्रिटिश सरकारने नवे कायदे लिहिताना निव्वळ पुल्लिंगी सर्वनामे टाळण्याचे ठरवले. अमेरिकेतली वृत्तपत्रे आणि शैलीपुस्तके एकेक करून एकवचनी 'दे'ला जागा देऊ लागली. २०१९ मध्ये मेरियम-वेबस्टर कोशाने 'दे'लाच वर्षाचा शब्द ठरवले.

यात एक अर्थ खरोखर नवा आहे. आपण पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही असे ज्यांना वाटते, अशा व्यक्ती स्वतःसाठी 'दे' मागतात. 'ही ऑर शी'च्या तिरप्या रेघेत त्यांना जागा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली आणि आमच्या फॉर्मवर तिसरा चौकोन आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने काय केले? 'ही' म्हणजे पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी, असे लिहिले. म्हणजे १८६० चे घर तेच, आत आणखी एक पाट मांडला. माणसे मोजली गेली, हे चांगलेच. पण दारावरची पाटी अजून त्याचीच आहे.

आता थोडे आपल्या भाषेकडे वळू. मराठीत लिंग टाळणे इंग्रजीहून अवघड, कारण इथे क्रियापदही लिंग सांगते. तरीही बोलीने आपल्या वाटा काढल्या आहेत. दारावर टकटक झाली की आपण म्हणतो, "कोण आलंय बघ." कोण ते ठाऊक नाही, म्हणून नपुंसकलिंग. लॅटिनवाल्यांनी सर्वांत खालच्या पाटावर बसवलेले! नवरा-बायको मिळून 'ती दोघं' होतात, त्यातही तेच नपुंसकलिंग. आदरासाठी एकाला अनेकवचन तर आपण रोज वापरतो. अर्थात मिरवण्यासारखेही फार नाही. 'ज्याचे त्याने बघावे' म्हणताना आपल्या मनात 'तो'च असतो. आणि कोकणीत लग्नाआधीच्या मुलीला 'तें' म्हणतात, तिच्याएवढ्या मुलाला मात्र 'तो'. नपुंसकलिंग म्हणजे दरवेळी समानता असे नव्हे.

पण एक शब्द आपल्याकडे असा आहे, जो इंग्रजीला मिळाला असता तर हा सारा खटाटोप वाचला असता. तो म्हणजे 'आपला'. "प्रत्येक पेन्शनरने आपला दाखला द्यावा" यात देणारी बाई आहे, बुवा आहे की आणखी कोणी, ते शब्द विचारतच नाही. ज्याचे नाव आधी आले त्याची वस्तू, बस्स. मी 'देअर' ठेवले असते तरी आजींच्या नातवाने कदाचित 'त्यांचा' असाच अर्थ सांगितला असता आणि आजी तोच कागद घेऊन आल्या असत्या, हे मला कबूल करायला हवे. चूक नुसती सर्वनामाची नव्हती. ज्यांच्यासाठी सूचना होती त्यांच्या भाषेत ती आम्ही लिहिलीच नव्हती.

त्या दिवशी आजी गेल्यावर मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत चार ओळी लिहिल्या आणि इंग्रजी सूचनेच्या शेजारी चिकटवल्या. कोणाची परवानगी घेतली नाही. दुपारी साहेब फळ्यासमोर थांबले, वाचले, काही न बोलता आत गेले. लाल पेन बाहेर आले नाही. दर नोव्हेंबरला तो कागद मी नव्याने लिहिते. इंग्रजी सूचनेत अजून 'हिज'च आहे.